पानफुटी, कुत्रा आणि पेशीतला पंप

‘सक्युलंट्स पाळीव प्राण्यांना शंभर टक्के सुरक्षित’ असा एक मेसेज झाडवेड्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मुळात सक्युलंट हे काही एक कूळ नाही. पाना-खोडांत पाणी साठवायची युक्ती अनेक कुळांना स्वतंत्रपणे साधली, त्यामुळे एकीचा गुण दुसरीला लावता येत नाही. एचेव्हेरिया किंवा हॉवर्थिया कुत्र्याने चावली तरी फारसं बिघडत नाही. कोरफडीचं तसं नाही. तिचं पान कापून उभं धरलं की सालीलगतून पिवळा, कडूजहर चीक ओघळतो, गर वेगळा. या चिकातलं अ‍ॅलोइन मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडलं की त्याचं जालीम रेचक होतं. जेड खाल्ल्यावर उलट्या होतात, कुत्रा मलूल होतो, चालताना झोकांड्या खातो. (जेड घरात पैसा आणतं म्हणे. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या घरात आणत असेल.)

खरी धास्ती पानफुटीच्या घराण्याची, म्हणजे कलांचोची. नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांच्या गुच्छांनी भरलेली छोटी कुंडी मिळते, तीही यातलीच. यांच्यात ब्युफाडायनोलाइड नावाची विषं असतात, आणि पानांपेक्षा फुलांत जास्त.

ती करतात काय? प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तो सोडियमचे ३ आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत ओढतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्काउ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत तो शोधला. ब्युफाडायनोलाइड या पंपालाच चिकटून तो बंद पाडतं. मग आत सोडियम साचतं. हृदयाच्या पेशीत आणखी एक अदलाबदल चालते: बाहेरचं सोडियम आत शिरतं, त्याच्या जोरावर कॅल्शियम बाहेर पडतं. आत आधीच सोडियम तुंबलं की हा जोर ओसरतो, कॅल्शियम आतच राहतं. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळेच. त्यामुळे ठोका आधी जोरकस होतो, मग ताल बिघडतो आणि हृदय थांबूही शकतं. कण्हेरीचं विष हेच करतं.

स्काउ यांना नोबेल मिळालं १९९७ मध्ये. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मोरी गावाजवळ कलांचोचीच एक जात खाऊन १२५ गुरं दगावली. तिला तिकडे ‘मदर ऑफ मिलियन्स’ म्हणतात, कारण पानांच्या टोकांवर इवलीइवली रोपं धरतात आणि टपाटप खाली पडतात.

म्हणूनच ‘कुंडी उंच टांगा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. कुंडी वर राहते, विषारी पिल्लं फरशीवर येतात, आणि फरशी हे कुत्र्याच्या पिल्लाचं ताट. ही जात कुत्र्याच्या घरात नकोच. बाकीच्यांची गळलेली पानं आणि छाटलेले गुच्छ लगेच उचलावेत.

खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. मिठानेच कुत्रा दगावू शकतो. दूध-तुपाने विष उतरत नाही. उरलेलं झाड कुंडीसकट घेऊन डॉक्टर गाठावा. कलांचो आहे असं कळलं, तर ते पोटाबरोबर ईसीजीही बघतील.