स्वतःच्या साइटवर चाचणी-हल्ला करायचाय? कोण पात्र, कोणती कागदपत्रं, अर्ज कसा करायचा

निकालांचा हंगाम जवळ आला की नागपुरातल्या क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. नंदनवनमधल्या एका संचालकांनी यंदा सरळच विचारलं, "भाऊ, होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडे डीडॉस प्रोटेक्शन आहे. रात्री दोन वाजता आपणच मारून पाहू काय?"

डीडॉस म्हणजे अनेक मशीनवरून एकदम खोट्या विनंत्यांचा पूर सोडून साइट बंद पाडणं; हाच तो 'मारा'. शंका रास्त आहे. पैसे मोजून घेतलेलं संरक्षण खरोखर चालतं का, हे तपासायचा ग्राहकाला हक्क आहे. पण काही वर्षांपूर्वी मी स्वतः असंच, कुणालाही न विचारता, एका ग्राहकाच्या साइटवर पाच मिनिटं मारा केला होता. साइट ग्राहकाची होती, परवानगीही त्यानेच दिली होती. सर्व्हर मात्र शेअर्ड, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांच्या साइट्स, असा होता आणि त्यावर एका पॅथॉलॉजी लॅबची रिपोर्ट पाहायची साइटही होती. तीही बंद पडली. रात्री कोणी तरी आपल्या माणसाचा रिपोर्ट उघडायला बसलं असेल आणि पान उघडत नसेल, हा विचार अजून जात नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

कायदा काय म्हणतो

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ पाहा. संगणकाच्या मालकाची किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी न घेता त्याचं काम विस्कळीत केलं, किंवा हक्काच्या वापरकर्त्याला तो वापरू दिला नाही, तर भरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी फक्त तपासत होतो' हे सांगून कलम ६६ मधून कदाचित सुटाल, पण ४३ मधली भरपाई हेतू विचारत नाही.

इथे 'संगणकाचा मालक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. डोमेन तुमचं, मजकूर तुमचा, पण मशीन होस्टिंग कंपनीचं. म्हणजे तुमची एकट्याची परवानगी अर्धीच.

पात्र कोण

साइट आणि होस्टिंग खातं दोन्ही ज्याच्या नावावर आहेत तो, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती. सर्व्हर डेडिकेटेड, म्हणजे फक्त तुमच्यासाठी असावा, किंवा क्लाउडवर (कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर) तुमच्या खात्यात नोंदलेला स्वतंत्र आयपी पत्ता (मशीनचा नेटवरचा क्रमांक) असावा. व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला आभासी भाग असेल तर खालचं मशीन आणि नेटवर्क इतरांबरोबर वाटलेलं असतं, त्यामुळे कंपनी अटी घालेल आणि त्या पाळायच्या.

शेअर्ड होस्टिंगवर अर्जच करू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. कंपनीने मान डोलावली तरी त्या सर्व्हरवरच्या शेजाऱ्यांना कोणी विचारलेलं नसतं, आणि ते कोण आहेत हे तुम्हाला कळायचा मार्गही नसतो. सरकारी विभागाची, महापालिकेची किंवा दुसऱ्या कोणाचीही साइट 'त्यांच्याच भल्यासाठी' तपासायला कोणीच पात्र नाही. सरकारने 'संरक्षित प्रणाली' म्हणून घोषित केलेल्या यंत्रणेत विनापरवाना घुसण्याचा नुसता प्रयत्न केला तरी कलम ७० खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कागदपत्रं

डोमेन तुमच्या नावावर असल्याचा पुरावा (नूतनीकरणाची पावती चालते), होस्टिंगचं चालू बिल, आणि संस्थेचं जीएसटी किंवा उद्यम नोंदणी प्रमाणपत्र. भागीदारी किंवा कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव. बाहेरची संस्था चाचणी करणार असेल तर तिच्याशी केलेला लेखी करार, त्यात नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची हे स्पष्ट लिहिलेलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतली ऑडिट संस्था मिळाली तर उत्तम.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे चाचणीचा आराखडा, आणि लोक नेमका त्यातच आळस करतात. तारीख, सुरू आणि बंद करायची वेळ, मारा कोणत्या आयपींवरून येणार, कोणत्या आयपीवर जाणार, कोणत्या प्रकारचा, सेकंदाला जास्तीत जास्त किती, आणि कुठल्या खुणा दिसल्या की लगेच थांबवायचं, हे सगळं त्यात हवं. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाचा रात्री उचलला जाणारा मोबाइल नंबरही हवा.

अर्ज कसा करायचा

आधी होस्टिंगच्या सेवाशर्ती उघडा. तिथे चाचणीबद्दल काही लिहिलं नसेल तर ती परवानगी धरू नका. सपोर्ट तिकीट उघडा, आराखडा जोडा, लेखी होकार मागा. फोनवरचं "हो हो, करा" पुढे कामाला येत नाही.

मोठ्या कंपन्यांचे नियम ठरलेले आहेत. अॅमेझॉनच्या क्लाउडवर असा चाचणी-हल्ला त्यांच्या मान्यताप्राप्त भागीदारांमार्फत होतो, लक्ष्य त्यांच्या शील्ड अॅडव्हान्स्ड या डीडॉस-संरक्षण सेवेत नोंदलेलं लागतं आणि मारा सेकंदाला २० गिगाबिटच्या वर नेता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवरही मान्य भागीदारच ही चाचणी करतात. साइटच्या पुढे राहून तिचं संरक्षण करणारी क्लाउडफ्लेअर कंपनी ग्राहकाला स्वतःच्या साइटवर चाचणी करू देते, पण आधी तिकीट उघडून तपशील कळवावे लागतात. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी पान पुन्हा वाचा.

होकार मिळाला तरी हे नको

नेटवर 'स्ट्रेसर' किंवा 'बूटर' नावाने भाड्याने मारा विकणाऱ्या साइट्स सापडतात. चाचणीसेवा म्हणून मिरवतात, पण अनेकांचा मारा लोकांच्या घरातल्या हॅक झालेल्या कॅमेऱ्यांतून आणि राउटरमधून येतो. २०१६ च्या मिराई बॉटनेटने (हॅक झालेल्या यंत्रांच्या फौजेने) हेच केलं होतं. लक्ष्य तुमचंच असलं तरी वापर परक्याच्या मशीनचा होतो आणि पैसा चोराला जातो. वेबस्ट्रेसर ही अशीच मोठी साइट एप्रिल २०१८ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून बंद पाडली, आणि पुढे तिच्या ग्राहकांचाही माग काढला.

खोट्या पत्त्याने विनंती पाठवून परक्या डीएनएस सर्व्हरकडून (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारं मशीन) उत्तरांचा पूर आणायचा प्रकारही तसाच. त्या सर्व्हरच्या मालकाने कुठे होकार दिलाय?

बहुतेकांना याची गरजच नसते

नंदनवनच्या संचालकांना मी विचारलं, भीती हल्ल्याची की गर्दीची? गर्दीची होती. निकालाच्या दिवशी एकदम हजारभर पालक आले तर काय, एवढंच. त्यासाठी हल्ला लागत नाही, लोड टेस्ट, म्हणजे गर्दीची हळूहळू वाढवलेली नक्कल, पुरते. साइटची प्रत वेगळ्या सर्व्हरवर ठेवायची, जेमीटर किंवा के-सिक्ससारख्या मोफत साधनाने आधी ५०, मग १००, मग ५०० वापरकर्ते असं वाढवत जायचं. याचीही होस्टला कल्पना द्यावी. त्यांच्या साइटचं डेटाबेस तिसऱ्याच टप्प्यावर अडकलं. संरक्षण तपासायची वेळच आली नाही.

चाचणीनंतर

नोंदी जपून ठेवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि खरा हल्ला झाला तर लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. म्हणून चाचणीच्या वेळा होस्टिंगच्या आणि तुमच्या, दोन्हीकडच्या नोंदवहीत सारख्या लिहा. त्याच रात्री खरा मारा आला तर आपला कोणता आणि परका कोणता, हे त्या नोंदींवरूनच वेगळं काढता येतं.