ओया : तुर्की रुमालाची किनार

तुर्कस्तानाच्या अनातोलिया भागात स्त्रिया डोक्याला बांधायच्या रुमालाच्या कडेवर सुईदोऱ्याने, क्रोशाने किंवा मणी ओवून जी अरुंद नक्षीदार किनार करतात, तिला ओया म्हणतात. बहुतेक वेळा तिच्यात फुले, पाने, फळे असतात. दिसायला ती भरतकामासारखी वाटली तरी कापडावर तिचा टाका जवळजवळ पडतच नाही. कडेला एकदा धागा अडकवला की पुढचे सगळे काम कापडाच्या बाहेर, मोकळ्यावर होते. त्यामुळे तिची गणना लेसमध्ये करणे योग्य. टॉवेल, पलंगपोस, आतले कपडे यांनाही पूर्वी ओया लावत, पण तिचा खरा मान डोक्यावरच्या रुमालाला, कारण तिथे ती चेहऱ्याभोवती येते आणि समोरच्याच्या नजरेत भरते.

हा रुमाल म्हणजे यझमा. पातळ सुती कापडावर लाकडी ठशांनी फुलांची छपाई करून तो तयार होतो. उत्तर अनातोलियातील तोकात हे शहर या छपाईसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथले ठसे लिंडेनच्या मऊ लाकडात कोरतात. इस्तंबूलजवळ बॉस्फरसच्या काठावरचे कांदिल्लीही एके काळी यझम्यासाठी नावाजलेले होते. इतक्या पातळ कापडाची कड तशीच सोडली तर चार धुण्यांत सुते निघू लागतात. कड बारीक दुमडून त्या घडीतूनच ओयाची पहिली ओळ घातली की कडही पक्की होते आणि पुढच्या कामाला पायाही मिळतो. शोभेचा विचार त्यानंतरचा. रुमालाची एक बाजू ९० सेंटिमीटर धरली तर चारही बाजू मिळून कड साडेतीन मीटरांहून जास्त भरते. दर दोन सेंटिमीटरला एक फूल घ्यायचे ठरले तर १८० फुले करावी लागतात, तीही एका मापाची.

साधनावरून ओयाचे प्रकार पडतात. सुईची, क्रोशाची, टॅटिंगच्या, म्हणजे गाठी मारून लेस करण्याच्या पद्धतीच्या, छोट्या धोट्याची, केसांच्या आकड्यासारख्या दुहेरी तारेवर विणलेली आणि मण्यांची, असे मुख्य प्रकार आहेत. रेशमाच्या कोशाच्या पाकळ्या कापून केलेली ओयाही असते. ती बुर्सासारख्या रेशमाच्या मुलखात शोभून दिसते. बुर्सातील कोझा हान ही १४९१ मध्ये बांधलेली सराई रेशीमकोशांच्या व्यापारासाठीच ओळखली जाते.

यांत सुईची ओया सर्वांत कठीण, आणि कारागिरीचा कस तिथेच लागतो. सुई कडेतून घालायची, नेढ्याकडून येणारा धागा सुईच्या टोकाभोवती फिरवायचा आणि सुई ओढून घ्यायची. फास आवळला की मोहरीहूनही बारीक गाठ बसते. थोडे अंतर सोडून दुसरी गाठ मारली की दोन गाठींमध्ये धाग्याची लहानशी कमान राहते. पुढच्या ओळीतल्या गाठी कापडात घालायच्या नसतात, त्या या कमानींत बसतात. दर ओळीला एक गाठ कमी केली की त्रिकोण होतो, वाढवली की पाकळी पसरते. एवढ्या एकाच क्रियेतून देठ, कळी, गुलाब, द्राक्षाचा घोस असे सगळे उभे करतात. प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे आवळलेली असल्याने मध्येच धागा तुटला तरी बाकीचे काम उसवत नाही. क्रोशाच्या साखळीचे तसे नाही, तिथे एक टोक सुटले की सरसर उसवत जाते. पाकळी उभी राहावी म्हणून तिच्या कडेतून घोड्याचा केस घेत, किंवा तयार ओया साखरेच्या पाण्यात नाहीतर अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून वाळवत. जुन्या ओया रेशमी धाग्याच्या असत. आता बाजारात मिळते ती बहुतांशी पॉलिएस्टरची.

मण्यांच्या ओयाला तुर्कीत बोंजुक ओया म्हणतात. ती बहुधा क्रोशाने होते आणि तिचे निम्मे काम विणण्याआधीच झालेले असते. नमुन्यातल्या रंगांच्या क्रमाने मणी धाग्यात आधी ओवून घ्यायचे, आणि तेही उलटे, कारण शेवटी ओवलेला मणी सर्वांत आधी विणला जातो. मग दोन-चार साखळ्या घालायच्या, मणी क्रोशापर्यंत सरकवायचा, टाक्यात पकडायचा आणि ठरावीक अंतरावर कापडाच्या कडेत टाका घेऊन पुढे जायचे. ओवताना एखादा मणी जास्त गेला असेल तर तो पकडीत धरून फोडता येतो, काच असल्याने ते सोपे असते. फक्त फुटक्या काचेने धागा कापला जाऊ नये एवढे जपायचे. मणी कमी पडला असेल तर मात्र तिथपर्यंत उसवून धागा तोडण्यावाचून गत्यंतर नसते. मण्यांचा आणखी एक फायदा म्हणजे वजन. पातळ रुमाल डोक्यावर नीट पडतो आणि वाऱ्याने उडत नाही.

ओयाच्या नमुन्यांची नावे वाचताना अख्खे घर डोळ्यांसमोर येते. ‘उंदराचे दात’ ही अगदी साधी, अरुंद किनार. ‘सासूची जीभ’ कशी असेल ते सांगायला नको. तुर्की चित्रपटांतील अभिनेत्री तुर्कान शोराय हिच्या पापण्यांवरूनही एक नमुना निघाला, म्हणजे नवी नावे पडण्याचे काम विसाव्या शतकातही चालूच होते. नमुन्यांतून निरोप दिले जात असेही सांगतात. लाल मिरचीची ओया बांधलेली सून नवऱ्यावर रागावलेली आहे असे घरच्यांनी समजायचे. सुनेने सासूला हिरव्या कुरणाच्या नमुन्याची ओया दिली तर दोघींचे पटते आणि थडग्याच्या दगडाचा नमुना दिला तर हे वैर मरेपर्यंत टिकणार. ज्या घरात सुनेने तोंड उघडायचे नाही असा दंडक होता, तिथे या खुणांना वजन असणार हे पटण्यासारखे आहे. पण पर्यटकांसाठीच्या लिखाणात हे सगळे पक्क्या शब्दकोशासारखे मांडले जाते, ते फारसे खरे नाही. एकाच नमुन्याला दोन गावांत दोन नावे असतात. नाव बदलले की अर्थही बदलणार. निरोप कळायचा तो एका घरात, एका आळीत, जिथे सगळ्याच एकमेकींना ओळखतात.

लग्नाआधी मुलीच्या पेटीत ओया लावलेले रुमाल साठवायचे आणि सासरच्या बायकांना ते भेट द्यायचे, ही रीत अनातोलियात सर्वत्र होती. मुलगी किती हुशार, हे त्या रुमालांवरून ठरे. तरीही ओया केवळ बायकांनी वापरायची वस्तू नव्हती. एजियन किनाऱ्यावरील डोंगराळ भागातले एफे, म्हणजे हत्यारबंद टोळ्यांचे म्होरके, फेज या गोल तुर्की टोपीभोवती गुंडाळायच्या रुमालाला भरगच्च ओया लावून मिरवत. १९२५ च्या टोपी कायद्याने पुरुषांच्या फेजवर बंदी आली. आता हा पोशाख झेयबेक हा त्या भागातला लोकनाच करणारी मंडळे घालतात. मण्यांच्या क्रोशाकामात पुरुषांचा हात आणखी एका ठिकाणी दिसतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या छावण्यांत ठेवलेल्या ऑटोमन युद्धकैद्यांनी मणी विणून साप, पिशव्या आणि गळ्यातल्या माळा केल्या आणि त्या सैनिकांना विकल्या. सापाच्या अंगावर मण्यांनीच ‘टर्किश प्रिझनर’ ही इंग्रजी अक्षरे आणि वर्ष विणलेले असे. असे साप आजही जुन्या वस्तूंच्या लिलावात निघतात.

ओयाचा उगम थेट फ्रिजिया या अनातोलियातील प्राचीन राज्यापर्यंत नेण्याची हौस अनेकांना असते. तसा धागा जुळवायला पुरावा तुटपुंजा आहे, कारण रेशीम आणि सूत इतकी शतके टिकत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ओयाचे जुने नमुने आहेत, पण कुठल्याही संग्रहात आज दिसणारे बहुतेक काम १८ व्या शतकानंतरचे असते. शेजाऱ्यांकडे मात्र हीच कला ठळकपणे दिसते. आर्मेनियन स्त्रियांची गाठींची लेस आणि ग्रीकांची बिबिला या दोन्ही सुईच्या ओयाच्या सख्ख्या बहिणी. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत अनातोलियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले, तेव्हा ही विद्याही त्यांच्याबरोबर गेली. मूळ कोणाचे, हा वाद कापड पाहून सुटणारा नाही.

मराठी घरांत दुधाच्या पातेल्यावर किंवा पाण्याच्या तांब्यावर टाकायचा क्रोशाचा गोल रुमाल असे, त्याच्या कडेचे मणी वजनासाठीच ओवलेले असत. त्याचा ओयाशी नात्याचा संबंध जोडता येत नाही, फक्त गरज सारखी आणि तिच्यावरचा उपायही सारखा. ज्यांनी असा रुमाल विणला आहे त्यांना बोंजुक ओया हातात घेताच कळेल. सुईची ओया मात्र त्यांनाही नवी वाटेल.

आज बालिकेसिर प्रांतातील गोनेन हे गाव ओयाच्या आठवडी बाजारासाठी ओळखले जाते. आसपासच्या खेड्यांतल्या बायका केलेल्या पट्ट्या आणि रुमाल तिथे विकायला आणतात. मुदुर्नू, नाल्लिहान, इझनिक, ओदेमिश यांचीही नावे सुईच्या कामासाठी घेतली जातात. रुमाल बांधणाऱ्या तरुणी कमी झाल्या तशी ओया कानातल्यांत, गळ्यातल्या माळांत आणि बांगड्यांत शिरली. जुनी ओया सहसा फेकत नाहीत. कापड विरले की किनार उसवून नव्या यझम्याला लावतात, त्यामुळे रुमालावरून ओयाचे वय ठरवायला गेले तर फसगत होते.

यंत्रावर केलेल्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. हातची सुईची ओया भिंगाखाली पाहिली तर गाठींमधली अंतरे थोडी कमीजास्त दिसतात, फुलाला मागची-पुढची बाजू असते आणि किनार कापडाच्या कडेतूनच निघालेली असते किंवा बारीक टाक्यांनी हाताने जोडलेली असते. यंत्राच्या पट्टीला सरळ पायपट्टी असते आणि ती शिलाई मशीनच्या एका टिपेवर बसवलेली असते.