भीती ओसरते, धडधड राहते

ठाण्यात वसंत विहारच्या बाजूला आमची सोसायटी आहे. पावसाळ्यात येऊरचा डोंगर खिडकीशी येऊन बसतो, संध्याकाळी बाहेर पडणं नको वाटतं. म्हणून या वर्षी क्लब हाउसमध्ये शनिवारी रात्री सिनेमा लावायचं ठरलं. तरुण मुलांनी निवडली ‘एलियन’ मालिका. पहिला सिनेमा १९७९ चा, रिडली स्कॉटचा. दुसरा १९८६ चा, जेम्स कॅमेरॉनचा. तिसरा १९९२ चा, डेव्हिड फिंचरचा. तीन शनिवार, तीन सिनेमे.

पहिल्या दोन शनिवारी लोक घाबरले, ओरडले आणि सिनेमा संपल्यावर पायऱ्यांवर बराच वेळ गप्पा मारत बसले. तिसऱ्या शनिवारी दिवे लागले तरी कोणी उठेना. मग एकदम दोन तट पडले. माझा भाचा म्हणाला, तिन्हींत हाच खरा, कारण हा कुणाची समजूत काढत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच्याकडे वळल्या. “मागच्या शनिवारी ती पोरगी वाचली म्हणून मी घरी जाऊन शांत झोपले होते,” त्या म्हणाल्या. “यांनी माझी ती झोप परत घेतली.”

ज्यांनी सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या सिनेमात नायिका रिप्ली एका लहान मुलीला, न्यूटला, राक्षसांच्या तावडीतून सोडवून आणते. अख्खा सिनेमा त्या सुटकेसाठी धावत असतो. तिसरा सिनेमा सुरू होतो तोच न्यूटच्या मृत्यूने. ती झोपेतच गेलेली असते. पुढे रिप्लीला कळतं की राक्षसाचं पिल्लू आता तिच्याच छातीत वाढतंय, आणि शेवटी ती स्वतःला भट्टीत झोकून देते. तीस वर्षं उलटून गेली तरी या सिनेमावर लोकांचं एकमत झालेलं नाही. आमच्या क्लब हाउसमध्ये ते एका रात्रीत कुठून होणार?

मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. सोमवारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ‘चांगला’ आणि ‘भिकार’ यांची जुगलबंदी चालू होती. मला मात्र ती आवडीनिवडीपेक्षा शरीरांची वाटत होती. पडदा एक होता, पण समोर बसलेली चाळीस शरीरं त्या दोन तासांत चाळीस वेगवेगळी कामं करत होती.

आधी दचकण्याचं बघू. मोठा आवाज झाला की डोळ्यांभोवतीचा स्नायू सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आत आकसतो. हे काम मेंदूच्या देठातून होतं. ‘अरे, हा तर सिनेमा’ हा विचार त्याच्या कितीतरी मागून येतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, नाडी वाढते, तळहात ओले होतात, अंगावर काटा येतो. काटा येणं म्हणजे केसांच्या मुळाशी असलेले बारीकसे स्नायू ओढले जाणं. आपल्या पूर्वजांना दाट केस होते तेव्हा ते फुलून अंग मोठं दिसायचं. आज केस विरळ झाले, ओढ तेवढी राहिली.

‘रक्त गोठवणारा’ हा शब्द आपण सहज वापरतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी तो खरोखर तपासून पाहिला. २०१५ साली त्यांनी २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि शॅम्पेन बनवण्यावरचा एक माहितीपट दाखवला आणि आधी-नंतर रक्त घेतलं. भयपटानंतर रक्त साकळायला मदत करणारं आठव्या क्रमांकाचं प्रथिन अनेकांत वाढलेलं निघालं. गुठळी कोणाच्याच रक्तात झाली नव्हती. पण जखम होईल या बेताने शरीराने तयारी करून ठेवली होती, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता मुद्द्याचं. रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांत उतरतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र सावकाश चढतं, ताणाचा प्रसंग सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी वर पोचतं आणि नंतरही रेंगाळतं. म्हणजे डोकं म्हणतं की प्रसंग संपला, पण छाती, स्नायू आणि रक्त अजून त्याच प्रसंगात असतात. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या उरलेल्या धडधडीवर बरंच काम केलं. १९७२च्या एका प्रयोगात त्याने आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना जागेवरची सायकल चालवायला लावली. ज्यांना आधी मुद्दाम डिवचलं होतं, ते सायकल चालवून झाल्यावर, न चालवलेल्यांपेक्षा, समोरच्याला जास्त तीव्र शिक्षा द्यायला तयार झाले. राग आधीचाच होता, सायकलने आलेली धडधड त्याला जाऊन मिळाली. शरीर धडधडीवर नाव लिहून ठेवत नाही. पुढे जी भावना येईल तिच्या खात्यात ती जमा होते.

हे भयपटाला लावून बघा. दुसऱ्या शनिवारी दोन तास साठलेली धडधड न्यूटच्या सुटकेला मिळाली आणि तो आनंद दुप्पट झाला. पायऱ्यांवरच्या गप्पा त्याच्याच होत्या. तिसऱ्या शनिवारी तेवढीच धडधड साठली, पण सुटका आलीच नाही. मग ती ज्याच्या मनात जे होतं त्याला जाऊन मिळाली. भाच्याच्या मनात रिप्लीच्या त्यागाबद्दल थोरवीची भावना होती, ती उंच झाली. काकूंच्या मनात फसवणुकीची बोच होती, तिचा संताप झाला. दोघांचीही छाती जवळपास सारख्याच वेगाने धडधडत असणार.

काकूंचं दुःख सिनेमातल्या मुलीसाठी होतं म्हणून कमी खरं ठरत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जडणारं एकतर्फी नातं मांडलं होतं. पडद्यावरच्या माणसाला आपण ठाऊक नसतो, पण आपण त्याला घरच्यासारखे ओळखतो. त्यातून काकूंना न्यूट फक्त एका आठवड्यापूर्वी भेटली होती. १९९२ साली थिएटरात गेलेल्यांना मधे सहा वर्षं मिळाली होती. आम्ही दोन सिनेमे सात दिवसांच्या अंतराने लावले, आणि ते अंतर माझ्या मते फारच कमी पडलं.

न्यूटच्या शवविच्छेदनाच्या दृश्यात एक मुलगा खाली मान घालून बाहेर गेला. बाकीचे त्याला भित्रा म्हणाले, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. भीतीत नाडी वाढते. पण रक्त आणि चिरलेलं शरीर पाहिल्यावर काहींच्या बाबतीत उलटं होतं: आधी थोडी वाढते, मग नाडी आणि रक्तदाब दोन्ही घसरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. याचा धैर्याशी संबंध नाही. ही ठेवण अनेकदा घराण्यात चालत येते. अशा वेळी हातापायांचे स्नायू आवळून धरले तर रक्तदाब सावरतो, चक्कर टळते. त्या मुलाला मी नंतर हे दाखवलं.

तळमजल्यावरच्या काकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना दमा आहे. राक्षस त्यांना भावला नाही की बोचला नाही. तिसरा सिनेमा ज्या तुरुंगात घडतो, त्याच्या बंद बोळांमधली पळापळ मात्र त्यांना बघवेना. यामागेही एक गोष्ट आहे. अमेरिकेत आयोवामधल्या संशोधकांनी अनेक वर्षं एका स्त्रीचा अभ्यास केला. तिचं नाव गुप्त ठेवून तिला ‘एसएम’ म्हणतात. एका दुर्मिळ आजाराने तिच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे बदामाच्या आकाराचा भीतीशी निगडित भाग, दोन्ही बाजूंनी नष्ट झाला आहे. २०११ साली छापून आलेल्या अभ्यासात तिला साप, कोळी, भुताटकीचं घर, भयपटातली दृश्यं असं सगळं दाखवलं. तिला भीती वाटली नाही, उलट कुतूहल वाटलं. मग २०१३ साली तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासात घ्यायला दिली. आपल्या भोवतालच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. ती घाबरीघुबरी झाली, तोंडावरचा मास्क ओढायला लागली. म्हणजे बाहेरून येणाऱ्या धोक्याची भीती आणि आतून कोंडल्याची भीती, या दोन्हींना शरीरात एकच दार नाही. काकांना सिनेमा दुसऱ्याच दाराने भिडला होता.

मग पुढचे भाग इतके काळोखे का करतात? भीतीला अंदाज चुकावा लागतो. पहिल्या सिनेमात तो प्राणी फार थोडा वेळ दिसतो, तो काय करेल हे कुणालाच ठाऊक नसतं. तिसऱ्यांदा पाहताना त्याचे दात, शेपूट, लाळ सगळं पाठ झालेलं असतं, आणि ओळखीच्या गोष्टीला दचकणं दर वेळी कमी होत जातं. मग लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा. प्राण्यांची संख्या वाढवायची. ते दुसऱ्या सिनेमाने केलं. किंवा जे सुरक्षित वाटतं तेच हिरावून घ्यायचं. तिसऱ्याने ही वाट धरली आणि राक्षस बाहेरून उचलून नायिकेच्या शरीरात ठेवला.

ही कल्पना माणसाला इतकी आत का टोचते, याचं उत्तर माझ्या खिडकीत आहे. पडद्याच्या दांडीमागे दर पावसाळ्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते. मागच्या वर्षी असं एक घर हलक्या हाताने फोडलं. आत चार हिरव्या अळ्या गच्च बसवलेल्या. टाचणीने स्पर्श केला तर एक किंचित वळली. जिवंत होती, फक्त पळता येत नव्हतं. माशी अळीला डंख मारून लुळी करते, आपल्या अंड्याशेजारी ठेवते, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या ताज्या मांसावर वाढतं. हिच्या काही नातलग माश्या तर अंडं थेट अळीच्या शरीरात घालतात. डार्विनने १८६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना पत्रात लिहिलं की दयाळू देवाने अशा माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे मला पटत नाही.

आपल्याकडे हीच भिंगुरटी. एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये तिला जागा आहे. भिंगुरटी अळीला घरट्यात कोंडते, अळी भयाने तिचंच ध्यान करते आणि शेवटी भिंगुरटीच होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टांत. निरीक्षण अगदी चोख: आत अळी जाते, बाहेर भिंगुरटी येते. मधे बंद मातीत काय घडतं ते दिसत नव्हतं. नाथांना जिथे तद्रूप होणं दिसलं, तिथे १९९२ च्या सिनेमाने अळीच्या बाजूने पाहिलं. भाच्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

आता राहिला प्रश्न की किती भीती सोसवते. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी भुताटकीच्या घरात गेलेल्या ११० जणांचा अभ्यास केला आणि २०२० साली छापला. भीती फारच कमी वाटली तर मजा नाही, फार झाली तरी नाही. मधे कुठेतरी एक टेकडी असते आणि मजा तिच्या माथ्यावर. गंमत अशी की तो माथा प्रत्येकाचा वेगळ्या ठिकाणी असतो. भाचा एकोणीस वर्षांचा, त्याला माथ्यावर पोचायला तिसरा सिनेमा लागला. काकू दुसऱ्यातच पोचल्या होत्या, तिसऱ्यात पलीकडच्या उतारावरून घसरल्या.

आणि ग्रुपवरच्या वादाने हे अंतर आणखी ताणलं. सर्ज मॉस्कोविची आणि मारिसा झावलोनी यांनी १९६९ साली फ्रेंच विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की एका बाजूला झुकलेली माणसं आपसात चर्चा करून उठली की आणखी त्याच बाजूला सरकतात. शनिवारी ‘मला नाही आवडला’ म्हणणारे सोमवारी ‘असले सिनेमे दाखवूच नका’वर आले होते.

चौथ्या शनिवारी काय लावायचं यावर मतं घेतली. काकूंनी हात वर केला. “दुसरा पुन्हा लावा,” म्हणाल्या. कुणी हसलं नाही. शेवट ठाऊक असताना काय उपयोग, असं एकाने विचारलं खरं. पण रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली हेच तपासलं होतं. गोष्ट नीट रंगवली तर जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले की नाही, एवढ्या पाठ गोष्टीचं उत्तर द्यायलाही वाचक क्षणभर जास्त वेळ घेत होते. उत्तर माहीत असणं एका जागी असतं आणि जीव टांगणीला लागणं दुसऱ्या.

भाच्याने आपलं मनगटी घड्याळ काढून काकूंच्या हाताला बांधलं. सिनेमा सुरू झाला तेव्हा नाडी ८२ होती. न्यूट घसरून खाली पाण्यात पडली तेव्हा ११६. काकूंनी माझा हात धरला होता. शेवटी रिप्ली त्या पोरीला झोपायला सांगते आणि दोघी काचेच्या पेट्यांत शांत पडून राहतात, तेव्हा काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या. मनगटाकडे बघत होत्या. १०८, ९९, ९१. आकडा ८६ वर आला तसं त्यांनी घड्याळ सोडून भाच्याच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि जिन्याने वर गेल्या.