इंजिन ऑइल बदलणे (घरच्या घरी)

मोटारीच्या इंजिनातले जुने वंगणतेल काढून टाकणे, ऑइल फिल्टर बदलणे आणि ठरलेल्या प्रतीचे नवे तेल ठरलेल्या मापाने भरणे, हे काम गाडीच्या मालकाने स्वतः करणे. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या गाड्यांना ते ठरावीक अंतराने करावेच लागते. निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिनच नसल्यामुळे तिचा यात संबंध नाही. दोन-तीन पाने, एक जॅक, उचललेली गाडी पेलणारे दोन स्टँड, एक पसरट भांडे आणि दीड-दोन तासांचा निवांत वेळ एवढ्यावर हे काम होते.

महाराष्ट्रात ते घरी करणारे थोडेच. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असते, मजुरी परवडते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली आडवे व्हायला जागा नसते. पेव्हर ब्लॉकवर तेलाचा डाग पडला तर शेजाऱ्यांशी वाद, तो वेगळाच. अमेरिकेत घराला लागून गॅरेज असते आणि मजुरी महाग पडते, म्हणून तिथे हे शनिवार-रविवारचे नेहमीचे घरकाम समजले जाते. आपल्याकडे यातून पैशांची बचत फार होत नाही. खरा लाभ वेगळा आहे. डब्याचे सील आपल्या हाताने फुटते, फिल्टर बदलला गेला की नुसता पुसून ठेवला याची शंका उरत नाही, आणि वर्षातून एकदा गाडीच्या पोटाखाली शिरल्यामुळे चाके फिरवणाऱ्या दांड्यांचे (ड्राइव्ह शाफ्ट) फाटलेले रबरी बूट, ओलसर झालेला जोड, गंजू लागलेला सायलेन्सर वेळीच नजरेस पडतो.

तेल का बदलायचे

इंजिनातले तेल फक्त घर्षण कमी करत नाही. पिस्टन आणि बेअरिंगांची उष्णता ते वाहून नेते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट भरून काढते, जळणातून तयार झालेली काजळी आणि आम्ले स्वतःत सामावून घेते, गंजही रोखते. हे करता करता त्यातली रसायने खर्ची पडतात. तापून तापून तेलाचे ऑक्सिडेशन होते आणि शेवटी त्याचा चिकट गाळ बनतो. हा गाळ तेलाच्या बारीक वाटा अडवतो.

मारुती सुझुकी आणि ह्युंदाईच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे अंतर सांगितलेले असते. ‘गाडी उभीच होती, तेल कशाला बदलायचे’ हा समज चुकीचा आहे. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाणारी गाडी पुरती तापतच नाही. जळणातून तयार होणारी वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलातच मुरत राहते. धूळ, सततची वाहतूक कोंडी, छोटे फेरे आणि भरल्या गाडीने चढलेले घाट यांना कंपन्यांची मॅन्युअल ‘कठोर वापर’ म्हणतात आणि त्यासाठी अंतर कमी करायला सांगतात. हे वर्णन वाचले, की पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच गाड्या त्यात बसतात. गणपतीला कोकणात निघण्याआधी सर्व्हिसिंग उरकून घेण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे.

तेलाचा रंग मात्र फसवा असतो. डिझेल इंजिनातले नवे तेल काजळीमुळे काहीशे किलोमीटरांतच काळे पडते. ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. घाबरायचे ते तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले तर. इंजिन थंड ठेवणारे द्रव, कूलंट, तेलात मिसळत असल्याची ती खूण असते, आणि तिथे तेल बदलून भागत नाही.

कोणते तेल

डब्यावर ५डब्ल्यू-३० असे काही लिहिलेले असते. तेलाच्या दाटपणाची ही वर्गवारी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात तेल किती सहज हलते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग आधीच्या आकड्याचे काय काम, असे वाटेल. पण रात्रभर उभ्या गाडीतले तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्रात, चेंबरमध्ये, उतरलेले असते आणि सकाळी चावी फिरवल्यावर ते वरपर्यंत पोचेतोवरच्या काही क्षणांत इंजिनाची झीज अधिक होते. पातळ तेल लवकर पोचते.

‘घट्ट तेल म्हणजे चांगले तेल’ ही समजूत २०डब्ल्यू-४० च्या जमान्यातली आहे. जुन्या, सैल जोडांच्या इंजिनांना ते चालत असे. आजच्या इंजिनांच्या फटी बारीक असतात, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. मारुतीच्या अलीकडच्या के-सिरीज इंजिनांना तर ०डब्ल्यू-१६ एवढे पातळ तेल सांगितलेले आहे. तिथे घट्ट तेल ओतणे हा गाडीवर केलेला उपकार नव्हे.

दाटपणाइतकीच तेलाची प्रत महत्त्वाची. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची एसएन (२०१०) आणि एसपी (२०२०) ही मानके डब्यावर पाहावीत. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ ही मर्यादा लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. त्याला कमी राख सोडणारे तेल लागते, नाहीतर तो तुंबतो. काही इंजिनांत, उदाहरणार्थ फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये, टायमिंगचा पट्टा तेलातच भिजलेला फिरतो. चुकीच्या तेलाने त्याचे रबर सुटू लागते. दुकानदार काय म्हणतो, मित्राच्या गाडीत काय घालतात, यापेक्षा ग्लोव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलचे ते एक पान खरे. तेल ओळखीच्या दुकानातून, बिलासह घ्यावे. नामांकित डब्यांत भरलेले बनावट तेल बाजारात मिळते.

गाडीखाली शिरण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. डिकीतल्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरून माणसे चिरडून मेली आहेत. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, पुढची बाजू उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन स्टँड द्यावेत आणि मग गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे. विटांचा टेकू देऊ नये. वीट दाबाने अचानक फुटते. हे जमणार नसेल तर काम गॅरेजवरच सोपवावे.

इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल लवकर आणि गाळासकट उतरते. कडक तापलेले तेल हात भाजते. हातमोजे घालावेत. वापरलेल्या तेलाचा कातडीशी वारंवार, दीर्घकाळ संबंध आला तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

जुने तेल काढणे

बॉनेट उघडून तेल भरायचे झाकण सैल करावे, म्हणजे हवा आत येते आणि तेल घटघट न करता सलग वाहते. चेंबरच्या तळाशी ड्रेन बोल्ट असतो. त्याला बहुतेक गाड्यांत १४ किंवा १७ मिलिमीटरचा पाना लागतो. रिंग पाना किंवा गोटीच (सॉकेट) वापरावी, उघड्या तोंडाच्या पान्याने बोल्टच्या कडा झिजतात. बोल्ट सैल झाला की पुढचे आटे हाताने सोडवावेत आणि सोडवताना बोल्ट वरच्या बाजूला दाबून धरावा. शेवटचा आटा सुटल्याचे बोटांना कळते. त्या क्षणी हात झटकन बाजूला घ्यायचा. पहिली धार जोरात, तिरकी, अंदाजापेक्षा वीतभर लांब पडते आणि मग तेल कमी होईल तशी बोल्टच्या भोकाखाली सरकत येते. भांडे त्या धारेबरोबर सरकवावे लागते. पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून बोल्ट हमखास भांड्यात पडतो. काडीला लोहचुंबक बांधून तो काढता येतो.

तेल थेंब थेंब होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तेवढ्यात बोल्ट पुसून नीट पाहावा. त्याच्यावर करडी, मऊ भुकटी असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवावेत.

बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा घालावा. तो दाबला जाऊन गळती रोखतो, आणि एकदा दाबला गेलेला वायसर पुन्हा तितका बसत नाही. बोल्टाचे पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत. अडखळले तर मागे घेऊन पुन्हा लावावे. सगळ्यात जास्त नुकसान होते ते या जागी. चेंबर पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट पोलादी. लांब पाना घेऊन ताकद लावली की चेंबरचे आटे जातात, मग लेथवाल्याकडून आटे पाडून घ्या किंवा चेंबरच बदला. मॅन्युअलमध्ये आवळण्याचे माप दिलेले असते, छोट्या गाड्यांत साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर आखूड पान्याने, एका हाताच्या जोरावर आवळावे आणि थांबावे.

फिल्टर

मोटारीचा तेल गाळणारा फिल्टर १९२०च्या दशकात अमेरिकेत पुढे आला. त्याच्या ‘प्युरोलेटर’ या नावात ‘प्युअर ऑइल लेटर’ हे शब्द दडलेले आहेत. आज बहुतेक गाड्यांत डब्यासारखा, फिरवून बसवायचा फिल्टर असतो. काहींत प्लास्टिकच्या झाकणाखाली नुसती कागदी गुंडाळी.

जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, ते बघावे. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि इंजिन चालू होताच दाबाखालचे तेल बाहेर फेकले जाते. हे ध्यानात येईतो इंजिन कोरडे पडते. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ताजे तेल लावावे, रिंग टेकेपर्यंत फिरवून पुढे सुमारे पाऊण फेरा फक्त हाताने आवळावा.

नवे तेल भरणे

छोट्या पेट्रोल मोटारींत फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर तेल बसते. नेमके माप मॅन्युअलमध्ये. नरसाळे लावून अर्धा लिटर राखून बाकीचे ओतावे, इंजिन सुरू करावे. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर ताबडतोब बंद करावे. मिनिटभराने इंजिन थांबवून बोल्ट आणि फिल्टरभोवती कोरडे बोट फिरवून पाहावे. गाडी खाली उतरवून, पाच मिनिटांनी तेलाची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) पुसून, पुन्हा बुडवून पातळी बघावी आणि राखलेले तेल थोडे थोडे घालत वरच्या खुणेपर्यंत आणावी. खुणेच्या वर मुळीच जाऊ नये. जास्त तेल इंजिनाच्या फिरत्या दांड्याने (क्रँक) घुसळले जाऊन त्याला फेस येतो आणि फेसाला दाब पेलत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करावे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, बाहेर काम केले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही असे म्हटले होते आणि कंपन्या अपिलात गेल्या. पण एका इंजिनासाठी असला वाद अंगावर घेणे कुणालाच परवडत नाही.

काळे तेल

निघालेले तेल हा घरगुती ऑइलबदलाचा सगळ्यात अवघड भाग. गटारात ओतणे, मोकळ्या प्लॉटवर टाकणे, डासांसाठी साचलेल्या पाण्यावर सोडणे, हे सगळे आपल्याकडे चालते. एका ऑइलबदलातले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. खेड्यांत ते वाळवीसाठी खांबांना आणि बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. त्यातले जड धातू पावसाबरोबर मातीत आणि मातीतून विहिरीत उतरतात.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून ते परत फिरवण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही आली आहे. एकट्यादुकट्या गाडीमालकाने मात्र ते नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरावे, त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळू देऊ नये, फिल्टर रात्रभर पालथा घालून निथळावा, आणि जिथून तेल उचलणारी गाडी नियमित येते अशा मोठ्या गॅरेजात दोन्ही नेऊन द्यावे. कोणते गॅरेज घेते याची चौकशी ड्रेन बोल्टला पाना लावण्याआधी करावी. योग्य ठिकाणी पोचलेले हे तेल शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल बनवता येते.