केडीएमचा धूर

‘केडीएम’ ही पाटी झवेरी बाजारात सोनं घ्यायला गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. केडीएम म्हणजे कॅडमियम हा धातू. सांधे जोडायच्या डाखात तो मिसळला की डाख लवकर वितळतो, सांधा बारीक येतो आणि दागिना आटवला तरी सोन्याचा कस फारसा उतरत नाही. गिऱ्हाईक खूश. आता कारागिराचं बघू.

सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. कॅडमियम 321 अंशांनाच पातळ होतं आणि 767 ला उकळतं. म्हणजे ज्योत लागली की डाखातलं थोडं कॅडमियम हवेत उडणारच. तिथे त्याचे ऑक्साइडचे इतके बारीक कण होतात की ते नाकात, घशात न अडकता थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. धूर जास्त गेला तरी लगेच काही जाणवत नाही. काही तासांनी अंग दुखतं, ताप येतो, छाती भरते. कारागीर म्हणतो फ्लू झाला. डॉक्टरनेही ‘काम काय करता?’ असं विचारलं नाही, तर तेच औषध मिळतं. जस्ताच्या धुराने वेल्डरला येणारा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमचं तसं नाही. वायुकोशांना सूज येऊन त्यांत पाणी भरतं आणि माणूस दगावूही शकतो. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षं घेतला तर वायुकोशांच्या भिंती झिजतात, मूत्रपिंडंही खराब होतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण म्हणून कॅडमियमची नोंद आहेच.

हॉलमार्कच्या सोन्यात कॅडमियम चालत नाही. पण काळबादेवी-भुलेश्वरच्या गाळ्यांत सोनं शुद्ध करायला नायट्रिक अ‍ॅसिड लागतं. त्यात चांदी-तांबं विरघळताना तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाकाडोळ्यांना झोंबतो आणि माणूस पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड फार विरघळत नाही, झोंबतो कमी, खोलवर जातो जास्त. कित्येक कारागीर काम करतात तिथेच झोपतात, त्यामुळे धुरातून सुटकाही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल सोडाच, धुळीचा साधा मास्कही वायू अडवत नाही. धूर उगमापाशीच ओढून घेणारा पंखा आणि नळी लागते.

तपकिरी धूर छातीत गेलेल्या माणसाला, तो कितीही ‘बरा आहे’ म्हणाला तरी, किमान एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं लागतं; फुप्फुसात पाणी भरायला कधी कधी तेवढा वेळ लागतो. पण दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो थांबत नाही.