अजिंक्यतारा: गडावरून उतरलेली राजधानी

सातारा शहर वसले ते डोक्यावरच्या गडामुळे. आज पहाटे फिरायला जाणाऱ्यांची तिथे गर्दी असते, पण हा गड मराठ्यांची राजधानी होता हे त्यांतल्या किती जणांना आठवते?

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असे मानतात. पुढे बहमनी, मग आदिलशाही. विजापूरकरांनी त्याचा वापर बराचसा तुरुंगासारखा केला. खुद्द चांदबिबी इथे कैदेत होती. 1673 मध्ये गड स्वराज्यात आला. जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी इथूनच कारभार सुरू केला आणि औरंगजेबाची नजर गडावर गेली.

डिसेंबर 1699 मध्ये बादशहा स्वतः पायथ्याशी, करंजे भागात तळ ठोकून बसला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. वरून दगडांचा मारा, खालून तोफा आणि सुरुंग, असे साडेचार महिने चालले. मधेच मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तरी शिबंदी हटली नाही. 13 एप्रिलला मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळला, अनेक मराठे गाडले गेले. ढिगाऱ्याखालून प्रयागजी जिवंत निघाले. तट पडल्याच्या आनंदात मोगल फौज पुढे सरसावली, तोच दुसऱ्या सुरुंगाने तटाचा मोठा भाग बाहेर, तिच्याच अंगावर आला. त्यात दीड-दोन हजार माणसे गेल्याचे सांगतात. अखेर दाणागोटा संपत आला आणि शहाजादा आझमच्या मध्यस्थीने गड खाली झाला, म्हणून नाव पडले आझमतारा. मराठ्यांनी तो काही वर्षांतच परत घेतला आणि ताराबाईंच्या काळात तो अजिंक्यतारा झाला. बादशहाला एवढे महाग पडूनही टिकवता न आलेल्या गडाला हे नाव शोभते.

12 जानेवारी 1708 रोजी इथे शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढे लोकवस्ती वाढू लागली. एवढ्या माणसांना गडावरची तळी कशी पुरणार? महाराजांनी पायथ्याशी शाहूनगर वसवले, पेठा पाडल्या. आजचे सातारा ते हेच.

राजधानी खाली उतरली आणि गडाकडे पुन्हा कैदखान्याचे काम आले. 1750 मध्ये ताराबाईंनी शाहूंचे दत्तक वारस, छत्रपती रामराजांनाच वर अडकवून ठेवले. फेब्रुवारी 1818 मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. त्यांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले, 1839 मध्ये पदच्युत केले, आणि 1848 मध्ये त्यांच्यानंतरच्या छत्रपतींचा दत्तक वारस नामंजूर करून सातारा संस्थानच खालसा केले.