वाळक्या झाडाला बहर आणणारा पांढरा कुत्रा: ‘ओकामी’ खेळाची पार्श्वभूमी

‘ओकामी’ या जपानी व्हिडिओ गेममधल्या कामिकी गावातल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक संत्रं ठेवलेलं असतं. त्याची म्हातारी नदीकाठी धुणं धुते. कपडे वाळत घालायची तिची काठी मोडलेली असते आणि खेळणाऱ्याने ती नीट करून द्यायची असते. जपानी घरात वाढलेला कुणीही या दोघांना बघताक्षणी ओळखतो. आपल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ म्हणत सुरू होतात, तशा तिकडच्या गोष्टी ‘मुकाशी मुकाशी’ म्हणत, म्हणजे फार फार वर्षांपूर्वी. मग म्हातारा डोंगरात सरपणाला जातो, म्हातारी नदीवर धुणं घेऊन जाते आणि गोष्ट चालू लागते.

२० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ या खेळयंत्रावर आलेला कॅपकॉम कंपनीचा ‘ओकामी’ अशा कितीतरी गोष्टींवर उभा आहे. त्यातली एक मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण अख्ख्या खेळाची नाळ तिच्याशी जुळलेली दिसते. ‘हानासाका जीसान’, म्हणजे फुलं फुलवणारा म्हातारा.

गोष्ट अशी. एका भल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे शिरो नावाचा कुत्रा असतो. शिरो म्हणजे पांढरा. एक दिवस तो अंगणात एका जागी उभा राहून भुंकतो. म्हातारा तिथे खणतो तर सोन्याची नाणी निघतात. शेजारचा हावरट म्हातारा कुत्रा मागून नेतो, त्याच्याकडून जबरदस्तीने जागा दाखवून घेतो, पण खणल्यावर नुसती घाण निघते. रागाच्या भरात तो कुत्र्याला मारून टाकतो. भला म्हातारा शिरोला पुरतो आणि त्या जागी एक झाड वाढतं. झाडाच्या लाकडाची उखळ करून त्यात भात कांडला, तर भाताचं सोनं होतं. शेजारी उखळही मागून नेतो. पुन्हा घाणच निघते आणि तो उखळ जाळून टाकतो. उरते ती राख. म्हातारा ती मूठभर घेऊन वाळलेल्या चेरीवर फेकतो आणि काड्या झालेल्या फांद्या बहरून येतात. रस्त्याने चाललेला सरदार खूश होऊन त्याला बक्षीस देतो. शेजाऱ्याने तीच नक्कल केल्यावर राख सरदाराच्या डोळ्यांत जाते, आणि त्याला शिक्षा होते.

जपानमध्ये ज्या पाच बालकथा सर्वांत मोठ्या मानतात, त्यांतली ही एक. बाकीच्या चार म्हणजे मोमोतारो, माकड-खेकड्याचं भांडण, जीभ कापलेली चिमणी आणि काची-काची डोंगर. एडो काळात (१६०३ ते १८६८) लाल वेष्टनाची लहान मुलांची चित्रपुस्तकं निघत, त्यांना ‘आकाहोन’ म्हणजे लाल पुस्तकच म्हणत. त्या पुस्तकांतून ही गोष्ट शहरांत घरोघरी गेली. पण जपानच्या ईशान्येकडे गावागावांत तिचं एक वेगळंच रूप सांगतात. तिथे म्हातारा राख उधळतो ती रानहंसांवर. राख डोळ्यांत गेली की पक्षी खाली पडतात आणि म्हातारा-म्हातारीला रस्सा मिळतो. फुलांचा मागमूस नाही, सगळा प्रश्न पोटाचा! हे रूप वाचलं की गोष्ट कुठल्या थंडीतून आणि उपासमारीतून आली असेल ते जाणवतं. चेरीचा बहर तिला सुखवस्तू झाल्यावर आला असावा, असं मला वाटतं.

१८७१ मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी मिटफर्ड याने ती इंग्रजीत नेली. १८८५ पासून तोक्योचे प्रकाशक हासेगावा ताकेजिरो यांनी सुरकुतवलेल्या कागदावर लाकडी ठशांनी छापलेली बालकथांची सुंदर मालिका काढली, तिच्यातही ही गोष्ट आली. १९०१ मध्ये तिच्यावर मुलांसाठी गाणं रचलं गेलं आणि त्यात शिरोचा पोची झाला. आज पुष्कळ जपानी माणसांच्या डोक्यात त्या कुत्र्याचं नाव पोचीच आहे.

खेळात कुत्र्याच्या जागी लांडगा आहे, आणि तो का, हे कळायला डोंगराकडे वळावं लागतं.

जपानी शेतकऱ्याला लांडग्याचं भय होतं, पण त्याहून जास्त गरज होती. रानडुक्कर आणि हरिण रात्रीतून भातशेती साफ करायचे, आणि त्यांना आवरणारा रानात लांडगाच. म्हणून चिचिबूच्या डोंगरातल्या मित्सुमिने देवस्थानात लांडगा हा देवाचा दूत ठरला. त्याला म्हणतात ‘ओइनुसामा’, शब्दशः कुत्रेमहाराज. कुत्रा आणि लांडगा यांच्यातली रेघ श्रद्धेने अशी पुसट करून ठेवली होती. पुढे अठराव्या शतकात रेबीज पसरला, पिसाळलेले लांडगे माणसांवर येऊ लागले आणि नातं बिघडलं. मग त्यांची शिकार झाली, जंगलं आक्रसली. जानेवारी १९०५ मध्ये नारा प्रांतातल्या हिगाशी-योशिनो भागात एका परदेशी संग्राहकाने मेलेला लांडगा विकत घेतला. जपानी लांडग्याची ती शेवटची पक्की नोंद. त्याचं कातडं आणि कवटी आज लंडनच्या संग्रहालयात आहे. शाळेत पोचीचं गाणं येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

‘ओकामी’ हा शब्दच दुहेरी आहे. उच्चार ‘लांडगा’चा, पण लिहिलेली अक्षरं ‘महान देव’ या अर्थाची. नायिका म्हणजे सूर्यदेवी आमातेरासू, पांढऱ्या लांडग्याच्या रूपात. तिच्या अंगावरच्या लाल रेघा फार थोड्यांना दिसतात. बाकीच्यांच्या लेखी तो एक पांढरा कुत्रा. कथेची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या घटनेने होते. शिरानुई नावाचा पांढरा लांडगा रोज रात्री गावाभोवती फिरायचा आणि लोक त्याच्यावर संशय घ्यायचे. आठ डोक्यांच्या ओरोची नागाशी लढताना तो जखमी होऊन मेला, तेव्हा कुठे गावाला त्याची किंमत कळली. मग त्याची दगडी मूर्ती बसवली. खेळ सुरू होताना ती मूर्ती जिवंत होते, तीच आमातेरासू.

म्हणजे शिरोचीच कहाणी: चांगुलपणा न ओळखलेला, मेलेला, आणि मेल्यानंतर फुलं आणणारा. फरक एवढाच, की इथे फुलं म्हाताऱ्याच्या हातातल्या राखेतून येत नाहीत. संत्र्यावाला म्हातारा देवझाडापुढे जीव तोडून नाचतो, आपल्याच नाचाने झाड फुलेल अशी त्याची खात्री असते. त्याच्या पाठीमागे उभी राहून आमातेरासू शेपटीच्या कुंचल्याने झाडाभोवती वर्तुळ काढते आणि झाड बहरतं. श्रेय म्हाताऱ्याला मिळतं. शेकडो वर्षं गोष्टीत म्हाताऱ्याचंच नाव राहिलं. खेळाने ती फुलं गुपचूप कुत्र्याच्या पदरात टाकली. निर्मात्यांनी हे असं ठरवून केलं असेल किंवा नसेल, मला ते तसंच दिसतं आणि फार भावतं.

दिग्दर्शक हिदेकी कामिया मूळचे नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोचे, म्हणजे डोंगरांच्या कुशीतले. ‘रेसिडेंट एव्हिल २’ आणि ‘डेव्हिल मे क्राय’ हे त्यांचे आधीचे खेळ अंधाराचे आणि रक्ताचे. २००४ मध्ये कॅपकॉमने ओसाकात क्लोव्हर स्टुडिओ काढला आणि तिथे कामियांनी निसर्गाने भरलेला खेळ करायला घेतला. सुरुवातीचं चित्रण अगदी खऱ्यासारखं होतं: जंगलातून लांडगा धावतोय आणि त्याच्या पावलांमागे गवत-फुलं उगवतायत. पण एवढं सगळं चालवणं प्लेस्टेशन २ ला झेपेना. शिवाय खेळ म्हणून ते कंटाळवाणं होतंय, असं निर्माते अत्सुशी इनाबा यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. मग एका चित्रकाराने लांडगा कुंचल्याच्या फटकाऱ्यांत, शाईच्या जुन्या चित्रशैलीत काढून दाखवला, आणि सगळी वाट बदलली. चित्र असं असेल तर खेळणाऱ्याच्याच हातात कुंचला का देऊ नये, हा विचार त्यातूनच आला.

हा कुंचला हातात घेऊन बघण्यासारखा आहे. एक बटण दाबून धरलं की सगळं जग थबकतं, रंग उडतात आणि पडद्यावर जुना कागद पसरतो. आकाशात वर्तुळ काढलं की सूर्य उगवतो, वाळक्या झाडाभोवती काढलं की बहर येतो, शत्रूवर आडवी रेघ ओढली की तो कापला जातो. शापित जागेतलं रोप फुललं की काळवंडलेल्या दऱ्याखोऱ्यांतून फुलांची लाटच धावत जाते. पहिल्या चित्रणातली ती पावलांमागची फुलं शेवटी अशी परत आली.

बाकीच्या गोष्टी वाटेत भेटत राहतात. सुसानो आणि कुशिनादा ही पात्रं ७१२ सालच्या ‘कोजिकी’ ग्रंथातल्या पुराणकथेतून आली. बांबूत सापडलेली कागुया, समुद्राखालच्या महालात गेलेला उराशिमा आणि चिमण्यांची धर्मशाळा हे सगळेच जुने. आमातेरासूच्या पाठीवर बसून सतत बडबडणारा इस्सुन म्हणजे वितीएवढ्याही नसलेल्या इस्सुनबोशी या लोककथेतल्या प्रसिद्ध वीराचा नवा अवतार. फक्त हा पोटापाण्यासाठी चित्रं काढतो.

कौतुक भरपूर झालं. जपानच्या माध्यमकला महोत्सवात २००६ चं मनोरंजन विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आयजीएन या खेळांविषयीच्या संकेतस्थळाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हटलं. खप मात्र झाला नाही. वर्षाचा सर्वोत्तम ठरलेल्या खेळांत सर्वांत कमी चाललेला, अशी नोंद पुढे गिनेसच्या पुस्तकात झाली. ऑक्टोबर २००६ मध्येच क्लोव्हर बंद करण्याची घोषणा झाली. २००८ मध्ये निन्टेंडोच्या वी या खेळयंत्रासाठी दुसऱ्या स्टुडिओने केलेल्या आवृत्तीत शेवटची श्रेयनामावली गाळली गेली, कारण तिच्यात क्लोव्हरचं चिन्ह होतं. ज्यांनी एकेक फटकारा काढला त्यांची नावं अशी जावीत, याचं वाईट वाटतं. २०१२ च्या एचडी, म्हणजे अधिक स्पष्ट चित्रांच्या आवृत्तीत ती परत आली. डिसेंबर २०२४ मध्ये द गेम अवॉर्ड्स या पुरस्कार सोहळ्याच्या मंचावर पुढच्या भागाची घोषणा झाली; दिग्दर्शक कामियाच आणि त्यांच्या नव्या स्टुडिओचं नाव क्लोव्हर्स.

मूळ खेळाच्या शेवटी आमातेरासूची सगळी शक्ती संपते. तेव्हा इस्सुन गावोगाव हिंडून तिची आपण काढलेली चित्रं लोकांना दाखवतो. ज्यांना आजवर फक्त पांढरा कुत्रा दिसला होता, ते चित्र पाहून हात जोडतात आणि तिच्यात पुन्हा बळ येतं. मित्सुमिनेच्या देवस्थानात आजही लांडग्याचं चित्र छापलेला कागद मिळतो. तो घरी आणून लावतात, चोर आणि आग दूर राहावी म्हणून.